तुरुंगातला धर्मवर्ग आणि मधेच गळालेल्यांचा हिशोब

प्रश्न असा आला आहे: आमचं एक लहान भजनी मंडळ आहे. जिल्हा कारागृहात आठवड्यातून दोनदा संतवाङ्मय, प्रार्थना आणि लिहिणं-वाचणं असा वर्ग घेण्यासाठी आम्ही परवानगी मागतो आहोत. अमेरिकेत अशा धर्माधारित वर्गांमुळे सुटलेल्या कैद्यांनी पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, असं आम्ही प्रस्तावात लिहिलं आहे. हे खरं आहे का? आणि आपल्याकडे तसं होईल का?

ते वाक्य प्रस्तावातून काढून टाका. वर्ग मात्र जरूर सुरू करा.

दोन्ही गोष्टी एकदम का सांगतोय, ते समजावून द्यायला जरा लांबून यावं लागेल. मी २२ वर्षं महाराष्ट्रातल्या कारागृहांत वर्ग घेतो आहे. आधी नुसता साक्षरतेचा, मग अभंग-प्रार्थनेचा, आता दोन्ही मिळून. ते 'निम्म्यावर' मीही कित्येक वर्षं भाषणांत सांगत आलो होतो, देणगीदारांना लिहून देत होतो. ते कुठून आलं हे मी फार उशिरा शोधलं.

ते आलं टेक्सासमधून. ह्यूस्टनजवळच्या एका तुरुंगात १९९७ साली 'इनरचेंज फ्रीडम इनिशिएटिव्ह' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. चालवणारी संस्था प्रिझन फेलोशिप. ती चार्ल्स कोल्सन यांनी १९७६ साली काढलेली. हे कोल्सन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आतल्या गोटातले. वॉटरगेट या राजकीय घोटाळ्याच्या काळात स्वतः सात महिने तुरुंगात काढून आलेले. सुटायला दीड-दोन वर्षं उरलेले कैदी आपणहून अर्ज करायचे. दिवसभर बायबलचा अभ्यास, शाळेचं शिक्षण, काम, आणि प्रत्येकाच्या जोडीला बाहेरच्या चर्चमधला एक स्वयंसेवक. त्याला ते 'मेंटॉर' म्हणतात. आपण पाठीराखा म्हणू. आत साधारण १६ महिने आणि सुटल्यावर पुढे सहा महिने ते वर्षभर साथ, अशी आखणी होती.

२००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातर्फे बायरन जॉन्सन यांनी त्याचा अहवाल काढला. वर्गात आलेले कैदी १७७. त्यांतले 'पदवीधर' झालेले ७५. सुटल्यानंतरच्या दोन वर्षांत या ७५ पैकी १७.३ टक्क्यांना पुन्हा अटक झाली. वर्गात न गेलेल्या, पण बाकी बाबतींत त्यांच्यासारख्याच कैद्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. पुन्हा तुरुंगात जाण्याचं प्रमाण ८ टक्के, आणि तिकडे २०.३ टक्के. हेच तुमचं 'निम्म्यावर'. ज्या गव्हर्नरांच्या काळात हा कार्यक्रम टेक्सासमध्ये सुरू झाला, ते जॉर्ज बुश तोवर राष्ट्राध्यक्ष झाले होते. साहजिकच आकडा खूप फिरला.

आता त्याच अहवालातली दुसरी ओळ वाचा. पदवीधर आणि मधेच गेलेले असे सगळे १७७ धरले, तर पुन्हा अटक ३६.२ टक्के. वर्गात पाऊलही न टाकलेल्यांपेक्षा किंचित जास्तच. पुन्हा तुरुंग २४.३ टक्के, तेही जास्त.

टक्के बाजूला ठेवू, माणसं मोजू. ७५ पदवीधरांपैकी १३ जणांना पुन्हा अटक झाली. उरलेल्या १०२ पैकी ५१ जणांना झाली, म्हणजे बरोबर निम्म्यांना. टिकले ते तुलनेच्या गटापेक्षा कितीतरी चांगले निघाले, गळाले ते कितीतरी वाईट. दोघांना एकत्र मोजलं की फरक पुसला जातो.

हे १०२ जण गेले कुठे? ५१ जणांना वर्ग पुरा व्हायच्या आतच पॅरोल, म्हणजे मुदतीआधी अटींवर सुटका, मिळाला. २४ आपणहून सोडून गेले. १९ जणांना शिस्तभंगासाठी काढलं. उरलेले आठ इतर कारणांनी. निम्मे तर केवळ सुटका लवकर झाली म्हणून गळाले. त्यांची श्रद्धा कमी पडली असं म्हणायला काही आधार नाही.

आणि 'पदवीधर' कोणाला म्हणायचं? आतले १६ महिने पूर्ण, सुटल्यावर सहा महिने साथ पूर्ण, आणि शेवटी सलग तीन महिने नोकरी आणि चर्चमध्ये हजेरी. जो सुटून सहा महिने घरी नीट राहिला आहे, ज्याची नोकरी टिकली आहे, त्याला पदवी द्यायची. आणि मग सांगायचं, की बघा, आमचे पदवीधर पुन्हा पकडले जात नाहीत. पहिल्या चार महिन्यांत ज्याला बेड्या पडल्या, तो पदवीपर्यंत पोचलाच नाही. त्याचं नाव दुसऱ्या खात्यात गेलं. आपल्याकडे काही शाळा कच्च्या मुलांना नववीत अडवतात, नाहीतर १७ नंबरचा फॉर्म भरायला लावतात आणि दहावीचा निकाल शंभर टक्के लावतात. हिशोब तोच. मार्क क्लायमन या अभ्यासकाने त्याच वर्षी हे जाहीरपणे दाखवून दिलं. जॉन्सन यांनी काही लपवलं नव्हतं, हेही सांगायला हवं. दोन्ही आकडे अहवालात आहेत. पुढे नेणाऱ्यांनी एकच नेला. त्यांत मीही होतो.

मला हे उमगलं ते माझ्याच वहीमुळे. एका कारागृहातल्या माझ्या वर्गाच्या पहिल्या दिवशीच्या हजेरीत ३४ नावं होती. दहा महिन्यांनी ११ उरली. त्या ११ जणांत सुटल्यावर पुन्हा आत आलेला एकच. मी तसं अभिमानाने लिहून पाठवलं. बाकीच्या २३ नावांवर प्रत्येक महिन्याला मी लाल शाईने आडवी रेघ मारत गेलो होतो; ती माणसं माझ्या लेखी संपली होती. पुढच्या वर्षी नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी मागच्या ओळीत त्या लाल रेघांतला एकजण बसलेला. तिसऱ्यांदा आत आला होता. मी विचारलं, "तेव्हा वर्ग का सोडलास?" म्हणाला, "सोडला नाही सर. माझी ड्युटी भिशीत लागली. वर्गाच्या वेळेला मी पोळ्या लाटत होतो." तुरुंगात स्वयंपाकघराला भिशी म्हणतात. दोनशे पावलांवर होता तो, आणि दहा महिन्यांत मी एकदाही चौकशी केली नाही. त्या रात्री घरी येऊन सगळी लाल नावं पुन्हा काढली. जेवढ्यांचा पत्ता लागला, त्यांत परत आत आलेले बरेच निघाले. देणगीदारांना दुसरं पत्र लिहिलं, सगळं स्पष्ट कळवलं. एकाने मदत थांबवली, बाकीच्यांनी चालू ठेवली.

मग धर्मवर्गाने काहीच होत नाही का? होतं. त्याचा टेक्साससारखा अर्धवट नसलेला पुरावा मिनेसोटातून आला. हाच इनरचेंज कार्यक्रम तिथे लिनो लेक्सच्या तुरुंगात चालला. त्या राज्याच्या तुरुंग खात्यातले संशोधक ग्रँट डुवी आणि त्यांच्या सहकारी मिशेल किंग यांनी २००३ ते २००९ या काळात सुटलेल्या ७३२ जणांचा अभ्यास केला. कार्यक्रमात गेलेले, आणि त्यांच्याशी जुळवून निवडलेले न गेलेले. कार्यक्रमाचा परिणाम असा निघाला: पुन्हा अटक होण्याचा धोका २६ टक्क्यांनी कमी, पुन्हा दोषी ठरण्याचा ३५ टक्क्यांनी, नव्या गुन्ह्यासाठी तुरुंगात जाण्याचा ४० टक्क्यांनी. पॅरोलच्या अटी मोडून आत जाणाऱ्यांत मात्र म्हणावा तसा फरक दिसला नाही.

कार्यक्रम तोच, मग निष्कर्षात एवढा फरक का? अभ्यासकांनी दिलेलं कारण मला फार मोलाचं वाटतं, कारण ते माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळतं. त्यांच्या मते या यशात पाठीराख्यांचा वाटा असावा. आत भेटणारा माणूस बाहेरही भेटत राहिला, साखळी तुटली नाही. श्रद्धेच्या वर्गाने पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण कमी होऊ शकतं, पण कधी? कैदी एका समूहात राहून वागणं बदलण्यावर काम करत असेल, दारू, संगत, राग, बेकारी अशा गुन्ह्याकडे ओढणाऱ्या गोष्टींना हात घातला जात असेल, आणि आतून बाहेरपर्यंत साथ अखंड असेल, तेव्हाच. असं त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे. टेक्सासच्या अहवालातही पाठीराख्याशी संपर्क टिकलेले कैदी कमी परतले, असं नोंदलेलं आहे.

या तिन्ही अटींत देव कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. मी पण विचारलं होतं. त्याचं उत्तर मला एका पिठाच्या गिरणीत मिळालं.

आमच्या वर्गातला एक वेल्डर सात वर्षांनी सुटला. सकाळची वेळ. मोठ्या फाटकातल्या दिंडी दरवाजातून वाकून बाहेर आला. हातात कापडी पिशवी, तीत दोन कपडे आणि वर्गातली गाथेची प्रत; खिशात आतल्या कामाचे साठलेले पैसे. रस्ता ओलांडायचा होता. तो ओलांडेना. सात वर्षांत रस्ता दुपदरीचा चौपदरी झाला होता. मला म्हणाला, "सर, गाड्या फार जवळून जातात." मी त्याचा हात धरून पलीकडे नेलं, पस्तिशीचा, माझ्यापेक्षा वीतभर उंच माणूस. चहा प्यायलो. त्याच्याकडे फोन नव्हता. आधार होतं, पण त्याला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. त्यामुळे बँकेत खातं उघडेना, सिमकार्ड मिळेना. भाड्याच्या खोलीला पोलीस पडताळणी लागते, म्हटल्यावर घरमालक दार लावून घेई. जुन्या वस्तीतले मित्र मात्र पहिल्याच दिवशी हजर होते. जेवण, राहायला जागा, गाडी, सगळं द्यायला तयार.

आमच्या मंडळातले एक काका पिठाची गिरणी चालवतात. वारकरी, माळकरी, चौथी शिकलेले. त्यांनी त्याला गिरणीच्या मागच्या खोलीत ठेवला. दळण करायला शिकवलं. रात्री नऊला फोन करायचे: "जेवलास का?" एवढंच. चौदा महिने. मधे एकदा तो दारू पिऊन आला, गल्ल्यातून सहाशे रुपये गेले. गिरणीवाल्या काकांनी दोन दिवस बोलणं टाकलं, तिसऱ्या रात्री नऊला पुन्हा फोन केला. मी त्यांना विचारलं, "काका, कंटाळा नाही आला?" ते म्हणाले, "पांडुरंगाने धाडलेलं माणूस आहे, मी कोण हाकलणारा?"

बावीस वर्षांत माझी समजूत हीच झाली आहे. श्रद्धेचा सर्वांत मोठा परिणाम कैद्यापेक्षा फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या माणसावर दिसतो. पगारी कार्यकर्ता सहा महिन्यांत थकतो. त्याला दोष नाही, त्याच्याकडे शंभर प्रकरणं असतात. प्रकल्पाचा निधी मार्चमध्ये संपतो. पण एका माणसाला चौदा महिने रात्री नऊला फोन करायला, चोरी पोटात घालायला, जे बळ लागतं ते गिरणीवाल्या काकांना त्यांच्या माळेतून मिळत होतं. मिनेसोटातल्या चर्चमधल्या स्वयंसेवकांना त्यांच्या श्रद्धेतून मिळालं असणार. श्रद्धा हा फुकटचा, न संपणारा मनुष्यबळाचा झरा आहे, आणि तुरुंग खात्याकडे नेमकी त्याचीच वानवा आहे.

कैद्याच्या मनातलं काहीच बदलत नाही असं मात्र समजू नका. शॅड मारुना या गुन्हेगारीच्या अभ्यासकांनी लिव्हरपूलमध्ये गुन्हेगारी सोडलेल्या आणि न सोडलेल्या माणसांशी दीर्घ बोलणी केली. सोडलेल्यांच्या बोलण्यात आपल्या आयुष्याची एक नवी गोष्ट ऐकू येते: मी मुळात वाईट नव्हतो, भरकटलो होतो, आता काहीतरी परत द्यायचं आहे. ही गोष्ट धर्म तयार देतो. आपल्याकडे तर वाल्याचा वाल्मीकी लहानपणापासून कानावर असतो. मी पण वर्गात तीच सांगत असे. एकदा गोष्ट संपल्यावर जन्मठेपेतला एक म्हातारा कैदी म्हणाला, "सर, वाल्या रानातच बसला. त्याच्या अंगावर वारूळ चढलं. त्याला परत गावात जाऊन खोली भाड्याने घ्यावी लागली नाही." सगळा वर्ग गप्प झाला. तेव्हापासून ती गोष्ट मी सांगितली, की पुढे आम्ही बोलतो ते वारुळातून उठल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याबद्दल. कोणाच्या घरी जाणार, आई दार उघडेल का, ज्याचं वाईट केलं त्याचं घर त्याच गल्लीत आहे, त्याच्यासमोरून कसं जायचं.

इथे एक धोका मी अनेकदा पाहिला आहे. 'देवाने मला माफ केलं' हे वाक्य काहींना उभं करतं, काहींना मोकळं सोडतं. ज्याचा भाऊ गेला त्याने माफ केलेलं नसतं. प्रार्थनेनंतर हलकं वाटलं, म्हणजे हिशोब मिटला, असं मानणारा माणूस बाहेर जाऊन त्याच लोकांना उद्धटपणे भेटतो. म्हणून आमच्या वर्गात प्रत्येक जण एक पत्र लिहितो, ज्याचं नुकसान केलं त्याला. ते धाडायचं नसतं. नुसतं लिहायचं. तीन-तीन महिने ते लिहून होत नाही.

माणसं वर्गाला का येतात, याचाही विचार परवानगी मिळण्याआधी करून ठेवा. काहींना ओढ असते. पुष्कळांना बराकीतून दीड तास सुटका हवी असते. वर्गखोलीत पंखा असतो. संचित रजेच्या, म्हणजे शिक्षा चालू असताना घरी जायला मिळणाऱ्या सुट्टीच्या, अर्जावर चांगला शेरा पडेल असं वाटतं. मी या कुठल्याही कारणाला नावं ठेवत नाही. पंख्यासाठी आलेली माणसं पुढे अभंग म्हणताना रडलेली मी पाहिली आहेत. पण परिणाम मोजायला बसाल तेव्हा लक्षात असू द्या, की जो आपणहून नाव घालतो तो न घालणाऱ्यापेक्षा आधीच थोडा वेगळा असतो. म्हणून तुलना करायची तर नाव घातलेल्या पण जागा न मिळालेल्या माणसांशी करा. प्रतीक्षायादी जपून ठेवा. तुरुंगातल्या वर्गाचा परिणाम तपासायला लहान संस्थेच्या हाती असलेलं ते सर्वांत चांगलं साधन आहे, आणि त्याला खर्च एका वहीचा.

आता कायद्याचं. आयोवा राज्यात न्यूटनच्या तुरुंगात हाच इनरचेंज कार्यक्रम सरकारी पैशांची मदत घेऊन चालत होता. तिथे वर्गातल्या कैद्यांना जी इमारत दिली ती आधी चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांची होती. खोलीला किल्ली, संडासाला आडोसा, जास्त मोकळीक. ज्याला हे हवं त्याने एका विशिष्ट पंथाच्या शिकवणीत दिवस काढायचा. खटला झाला. २००६ साली न्यायाधीश रॉबर्ट प्रॅट यांनी हे घटनाबाह्य ठरवलं. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने पैसे परत करण्याचा आदेश बराचसा सौम्य केला, पण मूळ निष्कर्ष कायम ठेवला. त्यातून घ्यायचं ते हे: वर्गाला येणाऱ्याला बाकीच्यांना न मिळणारी कोणतीही सवलत मिळता कामा नये. आपल्या राज्यघटनेचं २७वं कलमही एका धर्माच्या प्रसारासाठी कर द्यायची सक्ती करू देत नाही. तुम्ही सरकारी पैसा घेणार नसाल, तर चांगलंच आहे. पण तुमच्या बराकीत हरिपाठ म्हणणारा, नमाज पढणारा आणि बुद्धवंदना करणारा शेजारी शेजारी झोपतात. लिहिणं-वाचणं सगळ्यांसाठी एकत्र ठेवा आणि प्रार्थनेचा भाग वेगळ्या वेळेला. माझ्या वर्गात एक मुसलमान तरुण दोन वर्षं फक्त वाचायला शिकायला येत होता. प्रार्थनेच्या वेळी तो उठून पाणी भरायला जाई, आणि आम्ही कोणी त्यावर कधी बोललो नाही. सुटल्यावर त्याला त्याच्या मशिदीतल्या माणसांनी आधार दिला. त्यांच्याशी गाठ घालून देणं माझं काम होतं, तेवढं मी केलं.

'शिक्षण' या शब्दालाही प्रस्तावात थोडी जागा द्या. धर्म बाजूला ठेवून नुसत्या तुरुंगातल्या शिक्षणाचा एक मोठा आढावा अमेरिकेतल्या रँड या संस्थेने २०१३ साली घेतला. शिकलेल्यांत पुन्हा गुन्हा करणारे शंभरामागे साधारण १३ जणांनी कमी दिसले. बऱ्याच ठिकाणी '४३ टक्के' असं छापतात. तो शक्यतांच्या गुणोत्तराचा (पुन्हा गुन्हा करणारे भागिले न करणारे) आकडा आहे, दोन्ही एकच नव्हेत. १३ हाच आकडा वापरा, तोही लहान नाही. म्हणजे अभंगाच्या जोडीला तुम्ही माणसाला अर्ज लिहायला, बँकेचा फॉर्म भरायला शिकवलंत, तर ते दुय्यम काम नाही. आपल्याकडे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांची केंद्रं कारागृहांत आहेत. तुमच्या वर्गातून तिथे माणसं गेली पाहिजेत.

लुइझियानातल्या अंगोला तुरुंगाचं नाव तुम्हाला कोणीतरी सांगेल. १८,००० एकरांचा तो जुना मळा. गुलामांना जिथून आणलं त्या देशाचं नाव त्याला पडलं. १९९४ साली अमेरिकेने कैद्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी मिळणारी सरकारी 'पेल' मदत बंद केली, आणि १९९५ साली तिथे न्यू ऑर्लिन्सच्या बॅप्टिस्ट धर्मशिक्षण संस्थेने पदवीचा वर्ग उघडला. तिथले पदवीधर सहकैद्यांचे पुरोहित झाले, मरणाऱ्यांच्या उशाशी बसू लागले, इतर तुरुंगांत सेवेला गेले. हे सगळं मला फार मोठं वाटतं. पण त्यांतले बहुतेक जन्मठेपेचे, आणि तिथे जन्मठेप म्हणजे खरोखर मरेपर्यंत. जो सुटतच नाही, तो पुन्हा गुन्हा करतो की नाही, हे मोजता येत नाही. म्हणून अंगोलाचं उदाहरण द्यायचंच तर तुरुंगाच्या आतल्या जगण्यासाठी द्या.

तिहारमधल्या विपश्यनेचंही तसंच. किरण बेदी महानिरीक्षक असताना नोव्हेंबर १९९३ मध्ये तिथे पहिलं शिबिर झालं, आणि एप्रिल १९९४ मध्ये एकाच शिबिरात हजाराच्या आसपास कैदी बसले. त्याआधी १९७५ साली जयपूरच्या तुरुंगात सुरुवात झाली होती. विपश्यनाचार्य गोएंकाजींचं इगतपुरीचं केंद्र आपल्याच राज्यात, तेव्हा तुम्हाला शिक्षक मिळणं अवघड नाही. दहा दिवसांच्या मौनाने राग निवतो, झोप लागते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मात्र अकराव्या दिवशी बराक तीच असते.

'आपल्याकडे तसं होईल का', हा तुमचा खरा प्रश्न. आपल्याकडची अडचण अमेरिकेपेक्षा वेगळी आहे. २०२२ अखेर भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारांतले तीन. जिल्हा कारागृहात हे प्रमाण तुम्हाला आणखी जास्त जाणवेल. त्यांची शिक्षा ठरलेली नाही, सुटकेची तारीख ठरलेली नाही. संध्याकाळी जामिनाचा कागद येतो आणि सकाळी तुमचा विद्यार्थी वर्गात नसतो. वर्षाचा अभ्यासक्रम आखाल तर तिसऱ्या महिन्यात पहिल्या दिवसाचा एकही चेहरा दिसणार नाही. टेक्सासमध्ये ५१ जण लवकर सुटून गळाले. तुमच्याकडे जवळजवळ सगळेच तसे गळतील. म्हणून प्रत्येक बैठक स्वतःपुरती पूर्ण असू द्या: एक अभंग, एक पान वाचन, एक कागद भरून घेणं. आणि पहिल्याच दिवशी बाहेरचा संपर्क लिहून घ्या. आईचा, बहिणीचा, कोणाचाही. दुसरा दिवस मिळेल याचा भरवसा नसतो. टाटा इन्स्टिट्यूटचा 'प्रयास' हा प्रकल्प मुंबईत १९९० पासून सुटलेल्यांसोबत काम करतो, धर्माचा आधार न घेता. त्यांच्याकडून काम समजून घ्या. जामीनदार कसा उभा करायचा, कागद कुठून काढायचे, हे आपल्यासारख्या भजनी माणसांना येत नसतं आणि सुटलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात तेच लागतं.

प्रस्तावात त्या वाक्याच्या जागी मी असं लिहीन: 'वर्गात नाव घातलेल्या प्रत्येकाची, मधेच गेलेल्यांसह, सुटकेनंतर दोन वर्षं आम्ही विचारपूस करू आणि निष्कर्ष जसाच्या तसा कळवू.' अधीक्षकांना हे जास्त पटेल. त्यांनी पुष्कळ 'निम्म्यावर' ऐकलेले असतात.

तुमच्या मंडळात किती जण आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. पंधरा धरू. सुटलेल्या माणसाला स्वतःचा फोन नंबर देतील, रात्री उचलतील आणि एक चोरी पोटात घालतील, असे त्यांत किती, हे एकेकाला बाजूला घेऊन विचारा. भजनानंतर सगळ्यांसमोर विचारलंत तर सगळेच हो म्हणतील. खरा आकडा आला की मला कळवा. त्याच्या दुपटीहून जास्त माणसं पहिल्या वर्षी वर्गात घेऊ नका.